टोरांटो, विनिपेग की ॲरिझोना: हॉकी संघात पैसा लावायचा तर काय पाहाल?

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये खेळाडूंच्या पगारावरून श्रीमंत संघ ओळखता येत नाही. २००४-०५चा अख्खा हंगाम संघमालकांनी खेळाडूंविरुद्ध पुकारलेल्या टाळेबंदीत बुडाला आणि त्यातून सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावरची मर्यादा, आली. २०२५-२६ साठी वरची मर्यादा ९.५५ कोटी अमेरिकी डॉलर, खालची ७.०६ कोटी. त्यामुळे साठ लाखांवर वस्तीचं टोरांटो आणि सव्वाआठ लाखांचं विनिपेग यांच्या पगारपत्रकात फरक पडून पडणार किती? फार तर अडीच कोटी. खरा फरक गल्ल्यात आहे.

आयपीएलचे संघ मुख्यतः प्रक्षेपण हक्कांच्या सामायिक रकमेवर चालतात. एनएचएलमध्ये तिकीटबारी सांभाळावीच लागते. घरच्या मैदानावर ४१ सामने. टोरांटोच्या अरीनात सुमारे १८,८०० आसनं, म्हणजे हंगामाला ७.७ लाख तिकिटं. विनिपेगला साधारण १५,३०० आसनं आणि ६.२७ लाख तिकिटं. आसनांची तफावत तशी किरकोळ. पण समजा टोरांटोने तिकिटामागे सरासरी १०० अमेरिकी डॉलरइतके जास्त लावले, तर एवढ्यावरच ७.७ कोटी जास्त येतात. पगारांतला कमाल फरक त्यात तीनदा बसतो. बाद फेरीचं गणित तर आणखी गोड: पगार नियमित हंगामातच देऊन झालेले असतात, त्यामुळे तिथल्या तिकिटांचा बराचसा पैसा हाती उरतो.

विनिपेगचं दुखणं सीझन तिकिटांत, म्हणजे अख्ख्या हंगामासाठी एकदम विकल्या जाणाऱ्या तिकिटांत दिसतं. २०११ मध्ये अटलांटाचा संघ इथे आला तेव्हा १३,००० सीझन तिकिटं हातोहात गेली. २०२३-२४ पर्यंत आकडा ९,५०० च्या आसपास उतरला. आणि संघ वाईट होता म्हणावं तर २०२४-२५ मध्ये याच विनिपेग जेट्सनी साखळीत अव्वल ठरून प्रेसिडेंट्स ट्रॉफी घेतली. लहान शहरात ठोक तिकिटं उचलणाऱ्या कंपन्या कमी. घरटी ग्राहकाने एक वर्ष हात आखडला की लगेच खुर्च्या रिकाम्या दिसतात. जमेची बाजू एकच, पण भक्कम: अरीना मालकांचीच आहे, त्यामुळे कॉन्सर्टचं भाडंही त्याच खिशात जातं.

कॅनडातल्या कुठल्याही संघाचा हिशेब मांडताना विनिमय दर विसरू नका. पगार अमेरिकी डॉलरमध्ये, तिकिटं कॅनेडियन डॉलरमध्ये. एका अमेरिकी डॉलरला १.४० कॅनेडियन असा दर असेल तर पूर्ण कॅपचा पगार १३.३७ कोटी कॅनेडियन होतो, आणि दर एका सेंटने हलला की ९.५५ लाखांचा फरक. टोरांटोला हे जाणवतही नसेल; विनिपेगला जाणवतं.

आता ॲरिझोना. फीनिक्स महानगराची वस्ती पन्नास लाखांच्या घरात, कागदावर विनिपेगच्या सहापट बाजारपेठ. तरी २००९ मध्ये संघ दिवाळखोरीत गेला. पुढे ग्लेनडेल शहराने अरीनाचा करार वाढवायला नकार दिला. २०२२ पासून हा संघ, म्हणजे ॲरिझोना कायोटीज, विद्यापीठाच्या जेमतेम ४,६०० आसनांच्या रिंकमध्ये खेळले, आणि मे २०२३ मध्ये त्याच महानगरातल्या टेंपी शहराच्या मतदारांनी नव्या अरीनाचा प्रस्ताव फेटाळला. संघ भाडेकरू, आणि घरमालक विटलेला. पगाराची खालची मर्यादा गाठायला ते खेळत नसलेल्या खेळाडूंचे करार उचलत: प्रॉंगर, डॅट्स्युक, होसा. डॅट्स्युक रशियाला निघून गेला होता, त्यामुळे हिशेबात ७५ लाख डॉलर दिसायचे आणि रोख काही द्यावं लागत नसे. ताळेबंद वाचताना म्हणूनच ‘कॅप हिट’ (मर्यादेच्या हिशेबात धरला जाणारा पगार) आणि प्रत्यक्ष रोख हे दोन रकाने वेगळे मागा.

मात्र गंमत पाहा. हाच बुडता संघ २०२४ मध्ये सॉल्ट लेक सिटीला गेला तो १२० कोटी डॉलरच्या व्यवहारात. विनिपेगने २०११ मध्ये स्थलांतर शुल्कासह १७ कोटी मोजले होते; नवा संघ म्हणून लास वेगासने ५० कोटी, सिएटलने ६५ कोटी. संघांच्या संख्येवर लीगचा ताबा आहे, म्हणून वर्षाच्या तोट्यापेक्षा विक्रीची किंमत वेगाने पळते. पण तोपर्यंत तोटा भरत राहण्याची ऐपत लागते, हे ‘किंमत वाढतेच’ म्हणणारे सांगत नाहीत.

दरवर्षी रोख हवी असेल तर टोरांटोला तोड नाही, जरी तिथे १९६७ पासून स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, आलेला नाही. अडचण अशी की तिथे हाती लागेल तो लहान हिस्सा, आणि लहान हिस्सेदाराला निर्णयात विचारतं कोण? २०२४ मध्ये संघाच्या मालक कंपनीतल्या ३७.५ टक्क्यांसाठी रॉजर्स या दूरसंचार कंपनीने ४७० कोटी कॅनेडियन डॉलर कबूल केले. त्यात बास्केटबॉलचा संघही आला. विनिपेगसारखा संघ घ्यावा, पण अरीना सोबत मिळत असेल आणि विनिमय दराची दोन वाईट वर्षं सोसवणार असतील तरच. भाड्याच्या अरीनातला मोठ्या शहराचा संघ समोर आला, तर लोकसंख्येचा तक्ता बाजूला ठेवून आधी भाडेकरार मागा: मुदत किती, पार्किंगचे आणि सूट्सचे (प्रेक्षकांच्या खास कक्षांचे) पैसे कोणाचे, आणि करार मोडायचा हक्क कोणाकडे.