नागरिकत्वासाठी वास्तव्याची अट: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया

परदेशात स्थायिक होण्याचा विचार करणारे बहुतेक जण प्रत्येक देशापुढे एकच आकडा मांडून ठेवतात: अमेरिका पाच वर्षे, कॅनडा तीन, ऑस्ट्रेलिया चार, ब्रिटन पाच-सहा. हे आकडे खोटे नाहीत, पण केवळ त्यांच्या भरवशावर निर्णय घेतला तर पुढे पंचाईत होते, कारण प्रत्येक देश वर्षांची मोजणी वेगळ्या दिवसापासून सुरू करतो आणि मधल्या काळात बाहेर काढलेल्या महिन्यांचा हिशेबही प्रत्येक ठिकाणी निराळा असतो. ज्याचे आईवडील साताऱ्यात किंवा नागपुरात एकटे राहतात आणि ज्याला येत्या काही वर्षांत कधी ना कधी सहा-आठ महिने घरी येऊन राहावे लागेल, त्याने आधी हा दुसरा हिशेब समजून घ्यावा आणि मग वर्षे मोजावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील आढाव्यात अमेरिका आणि कॅनडा यांना जास्त जागा दिली आहे, कारण एच-१बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर वर्षानुवर्षे अडकलेल्या मंडळींपुढे खरी निवड बहुधा या दोघांमधलीच असते.

मोजणी कोणत्या दिवसापासून

अमेरिकेत पाच वर्षांची मोजणी ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळाल्याच्या तारखेपासून होते, आणि ही तारीख कार्डावरच छापलेली असते. त्याआधी विद्यार्थी म्हणून काढलेली दोन वर्षे किंवा एच-१बीवर काढलेली बारा वर्षे या हिशेबात शून्य धरली जातात. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांच्या वार्षिक कोट्यात कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारणपणे सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही, त्यामुळे भारतात जन्मलेल्या अभियंत्याची रांग दहा वर्षांहून पुढे जाणे नेहमीचेच झाले आहे. म्हणजे कागदावरची पाच वर्षे त्याच्या आयुष्यात पंधरा किंवा त्याहून जास्त होऊ शकतात.

कॅनडाचा नियम याच्या अगदी उलट स्वभावाचा आहे. अर्जावर सही केल्याच्या तारखेपासून मागची पाच वर्षे पाहायची आणि त्यांत किमान १,०९५ दिवस आपण प्रत्यक्ष कॅनडात होतो हे दाखवायचे, एवढीच मूळ अट आहे. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा दर्जा, मिळाल्यानंतरचा प्रत्येक दिवस पूर्ण धरला जातो, तर त्याआधी विद्यार्थी किंवा वर्क परमिटधारक म्हणून काढलेला प्रत्येक दिवस अर्धा धरला जातो आणि या अर्ध्या दिवसांची बेरीज कमाल ३६५ पर्यंत मान्य होते. ही सवलत ११ ऑक्टोबर २०१७ पासून पुन्हा लागू झाली. त्याआधी २०१५ पासून सहा वर्षांत १,४६० दिवसांची कडक अट होती. सप्टेंबर २०२० मध्ये शिकायला गेलेल्या आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पीआर झालेल्या मुलीचे उदाहरण घ्या. तिचा आधीचा काळ अर्ध्या हिशेबाने ३६५ दिवसांची मर्यादा सहज गाठतो, उरतात ७३०, आणि ती पीआरनंतर कुठेही गेली नाही तर सप्टेंबर २०२५ मध्येच अर्जास पात्र ठरते. मात्र पाच वर्षांची ही चौकट अर्जाच्या तारखेबरोबर पुढे सरकत असते, हे विसरून चालत नाही. तीच मुलगी पीआर झाल्यावर दीड वर्ष पुण्याला येऊन राहिली, तर तिचे विद्यार्थिदशेतले दिवस एकेक करून चौकटीबाहेर पडत जातात आणि ३६५ दिवसांची ही पुंजीही घटते.

ऑस्ट्रेलियात अर्जापूर्वीची सलग चार वर्षे कायदेशीर व्हिसावर तेथे वास्तव्य हवे आणि त्यांपैकी शेवटचे बारा महिने पीआर म्हणून काढलेले हवेत. विद्यार्थी व्हिसा आणि नोकरीचा तात्पुरता व्हिसा यांवरचा काळ येथे पूर्ण धरला जातो, ही मोठीच सोय आहे. याची दुसरी बाजू अशी, की दोन व्हिसांच्या मध्ये थोडे दिवस जरी व्हिसाविना राहणे झाले, तरी कायदेशीर वास्तव्याची चार वर्षे नव्याने मोजावी लागतात.

ब्रिटनमध्ये दोन टप्पे आहेत. कामाच्या व्हिसावर पाच वर्षे काढल्यावर कायमस्वरूपी राहण्याची परवानगी मिळते, जिला आपली मंडळी ‘आयएलआर’ म्हणतात, आणि ती हाती आल्यावर आणखी बारा महिने थांबून नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. पण मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने हा पाच वर्षांचा टप्पा सर्वसाधारणपणे दहा वर्षांचा करण्याचा प्रस्ताव मांडला, त्यामुळे आज नव्याने जाणाऱ्याने पाच-सहा वर्षे गृहीत धरून घराचे हप्ते आणि मुलांच्या शाळा यांचा आराखडा आखू नये.

आठ महिने घरी राहावे लागले तर

वडिलांना पक्षाघात झाला आणि मुलगा आठ महिने, म्हणजे साधारण २४० दिवस, साताऱ्यात राहिला, असे समजू. हा एकच प्रसंग चारही देशांच्या नियमांवर ठेवून पाहिला की त्यांच्यातला फरक लख्ख दिसतो.

कॅनडात याचा परिणाम निव्वळ बेरजेचा आहे. २४० दिवस कमी भरले, तेवढे नंतर भरून काढायचे आणि अर्ज तेवढा पुढे ढकलायचा. सलग किती काळ बाहेर होतात, का गेला होतात, नोकरी चालू होती की नाही, यांपैकी एकही प्रश्न वास्तव्याच्या अटीच्या आड येत नाही.

अमेरिकेत मात्र दोन वेगवेगळ्या अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. पहिली प्रत्यक्ष उपस्थितीची: पाच वर्षांपैकी किमान तीस महिने अमेरिकेत असणे. हिला २४० दिवसांचा धक्का लागत नाही. दुसरी सलग वास्तव्याची, आणि खरी अडचण येथे उभी राहते. एका खेपेत सहा महिन्यांपेक्षा जास्त पण वर्षापेक्षा कमी काळ बाहेर राहिल्यास वास्तव्य खंडित झाले असे गृहीत धरले जाते आणि ते तसे झाले नाही हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर येतो. अमेरिकेतली नोकरी सोडली नव्हती, भारतात दुसरी नोकरी धरली नव्हती, पत्नी आणि मुले तिकडेच होती, घर आपल्या ताब्यात होते, अशी कागदपत्रे तयार ठेवली तर हे गृहीतक खोडता येते. अनेकांना खोडता आलेलेही आहे, पण निर्णय शेवटी मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती राहतो. याच मुलाने चार-चार महिन्यांच्या दोन खेपा केल्या असत्या तर हे गृहीतक लागू झाले नसते, परंतु सहा महिन्यांच्या आतल्या अनेक खेपा लागोपाठ दिसल्या तरी अधिकारी खोलात जाऊन विचारू शकतो. बाहेरचा मुक्काम पूर्ण एक वर्ष किंवा अधिक झाला, तर वास्तव्य तुटतेच. तेव्हा परतल्याच्या दिवसापासून चार वर्षे आणि एक दिवस थांबून नवा अर्ज करता येतो. त्या वेळीही मागच्या पाच वर्षांच्या चौकटीत जवळपास वर्षभराची गैरहजेरी उरलेलीच असते आणि वरचेच गृहीतक खोडावे लागते, म्हणून सावध माणूस साडेचार वर्षे थांबतो. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. बाहेर जाण्यापूर्वी घेतलेले रीएन्ट्री परमिट, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, ग्रीन कार्ड वाचवायला मदत करते, नागरिकत्वासाठीचे सलग वास्तव्य ते वाचवत नाही.

ब्रिटनमध्ये नागरिकत्वाच्या अर्जाआधीच्या पाच वर्षांत एकूण ४५० दिवस आणि शेवटच्या बारा महिन्यांत ९० दिवस एवढी गैरहजेरी चालते, त्यामुळे आठ महिन्यांचा मुक्काम सुरुवातीच्या वर्षांत झाला असेल तर तो या मर्यादेत बसतो. पण तो आयएलआरच्या आधीच्या टप्प्यात झाला, तर तेथे कोणत्याही बारा महिन्यांत १८० दिवसांची वेगळी मर्यादा आहे, आणि ती ओलांडल्यास गंभीर कौटुंबिक कारण पुराव्यानिशी मांडावे लागते. शिवाय अर्ज पोहोचण्याच्या दिवसाच्या बरोबर पाच वर्षे आधी आपण ब्रिटनच्या भूमीवर असणे आवश्यक आहे. त्या विशिष्ट दिवशी कोणी दिवाळीसाठी मुंबईत असेल, तर अर्जाची तारीख बदलावी लागते.

ऑस्ट्रेलियाची मर्यादा चार वर्षांत एकूण बारा महिने आणि शेवटच्या वर्षात ९० दिवस अशी आहे. आठ महिने मर्यादेत बसतात, पण त्यानंतर चार महिनेच हाती उरतात, आणि हा मुक्काम शेवटच्या वर्षात पडला तर अर्ज लांबणीवर टाकण्यावाचून गत्यंतर नाही.

कंपनीने पुण्याला पाठवले तर

हिंजवडीच्या कार्यालयात दोन वर्षांसाठी येण्याचा प्रस्ताव अनेकांपुढे येतो, आणि पगार चांगला असला की तो मोहात पाडतो. ग्रीन कार्डधारकाला येथे एक अरुंद वाट उपलब्ध आहे. ग्रीन कार्डनंतर अमेरिकेत किमान एक वर्ष सलग राहिलेला आणि अमेरिकन कंपनीच्या कामासाठी बाहेर जाणारा माणूस ‘एन-४७०’ हा अर्ज करून आपले सलग वास्तव्य अबाधित ठेवू शकतो. हा अर्ज बाहेरचे एक वर्ष पूर्ण होण्याच्या आत करावा लागतो. तीस महिन्यांच्या प्रत्यक्ष उपस्थितीतून मात्र अशा खासगी नोकरदाराला सूट मिळत नाही.

कॅनडात अशी वाट नाही, उलट एक सापळा आहे. पीआर टिकवण्यासाठी पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावे लागते, आणि कॅनडाच्या कंपनीने परदेशी नेमणुकीवर पाठवलेला काळ किंवा कॅनडाचा नागरिक असलेल्या जोडीदारासोबत बाहेर काढलेला काळ या ७३० मध्ये धरता येतो. पुष्कळ लोक तोच हिशेब १,०९५ दिवसांनाही लावून मोकळे होतात. नागरिकत्वासाठी हे दिवस धरले जात नाहीत. पीआरचा शिक्का घेण्यापुरते टोरोंटोला उतरून पुन्हा डॅलसच्या नोकरीवर परतणाऱ्यांचेही असेच होते: पीआर काही काळ हातात राहतो, पण नागरिकत्वाच्या खात्यात काही जमा होत नाही. याउलट विंडसरला घर करून रोज पुलावरून डेट्रॉईटला कामावर जाणाऱ्याचे दिवस वाया जात नाहीत, कारण निघण्याचा आणि परतण्याचा दिवस कॅनडात उपस्थितीचाच धरला जातो. अमेरिकाही प्रवासाचे हे दोन्ही दिवस उपस्थितीतच धरते.

जोडीदार नागरिक असेल तर

अमेरिकेत नागरिकाशी विवाह झालेल्या ग्रीन कार्डधारकाला पाचऐवजी तीन वर्षांत अर्ज करता येतो आणि उपस्थितीही तीसऐवजी अठरा महिने पुरते. परंतु त्या तिन्ही वर्षांत जोडीदार नागरिक असणे आणि दोघांनी वैवाहिक सहजीवनात एकत्र राहणे आवश्यक असते. त्यामुळे नोकरीवरून एकाच दिवशी ग्रीन कार्ड मिळालेल्या नवरा-बायकोला या सवलतीचा उपयोग होत नाही: नवरा पाच वर्षांनी नागरिक होईपर्यंत बायकोचीही पाच वर्षे भरलेली असतात. आधीच नागरिक असलेल्या मुलाशी लग्न होऊन नाशिकहून तिकडे गेलेल्या मुलीला ती खरोखर उपयोगी पडते, आणि सुरुवातीच्या दोन वर्षांच्या सशर्त ग्रीन कार्डाचा काळही तिच्या तीन वर्षांत मोजला जातो. ब्रिटनमध्येही नागरिकाच्या जोडीदाराला तीन वर्षे पुरतात, गैरहजेरीची मर्यादा २७० दिवसांवर येते आणि आयएलआरनंतरचे बारा महिने थांबावे लागत नाही. कॅनडा जोडीदारासाठी एकही दिवस कमी करत नाही.

अर्ज नेमका कधी टाकावा

अमेरिकेत सलग वास्तव्याची पाच किंवा तीन वर्षे पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधी अर्ज करता येतो. ग्रीन कार्डावर १५ जून २०२१ ही तारीख असेल, तर अर्जाचा पहिला दिवस १७ मार्च २०२६ येतो, आणि एक दिवस आधी टाकलेला अर्ज फेटाळला जाऊ शकतो. ही सवलत उपस्थितीच्या तीस महिन्यांना लागू नाही; ते अर्जाच्या दिवशी भरलेलेच असावे लागतात. नुकतेच न्यू जर्सीहून टेक्सासला घर हलवले असेल, तर नव्या राज्यात तीन महिने राहिल्याशिवाय अर्ज करू नये. कॅनडात आगाऊ अर्जाची सोय नाही. १,०९४ दिवसांवर टाकलेला अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून एखादी जुनी सहल मोजायची राहून गेली असेल या हिशेबाने दोन-तीन आठवडे जास्त थांबणे शहाणपणाचे ठरते.

अर्ज दिल्यानंतरचा काळही सारखा नाही. अमेरिकेत सलग वास्तव्य शपथविधीच्या दिवसापर्यंत टिकवावे लागते, तर कॅनडात अर्ज देऊन झाल्यावर नागरिकत्वासाठी आणखी दिवस भरावे लागत नाहीत. पीआरची अट सांभाळून आणि परीक्षा, मुलाखत व शपथेला हजर राहून मधले महिने गावी काढता येतात.

माझा कल

ज्याच्या हाती ग्रीन कार्ड आले आहे आणि दोन-तीन वर्षे उलटली आहेत, त्याने निव्वळ तीन वर्षांच्या आकर्षणापायी कॅनडाकडे वळण्यात मला अर्थ दिसत नाही. त्याने प्रत्येक खेप सहा महिन्यांच्या आत ठेवावी आणि जुने पासपोर्ट जपावेत, कारण प्रवासाच्या तारखा जुळवताना त्यांवरचे शिक्केच कामाला येतात. जो अजून एच-१बीवर रांगेत आहे, तिशीच्या आसपास आहे आणि ज्याला घरच्या जबाबदारीपायी लांब मुक्काम करावे लागण्याची शक्यता आहे, त्याला कॅनडाचा दिवस मोजण्याचा नियम अधिक मानवेल. ज्याने ऑस्ट्रेलियात शिक्षण घेतले आहे, त्याने तेथेच पीआरचा मार्ग काढावा, कारण जमा झालेली वर्षे दुसऱ्या देशात नेता येत नाहीत.

हे सारे करताना भारताच्या बाजूचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व घेताच भारताचे नागरिकत्व संपते, म्हणून शपथेनंतर भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, आणि मग मूळच्या भारतीयांना भारतात ये-जा आणि वास्तव्य करू देणारे ओसीआय कार्ड घेता येते. कधी परत फिरण्याचा विचार झालाच, तर पाच वर्षे ओसीआय म्हणून नोंद असलेल्या आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात सामान्यतः राहिलेल्या व्यक्तीला नोंदणीने भारतीय नागरिकत्व मागता येते. मात्र तेव्हा परदेशी नागरिकत्व सोडावे लागते, आणि ते पुन्हा हवे झाले तर आपल्यासाठी कोणती वाट उरते, हे त्या त्या देशाच्या कायद्यात आधी पाहून घ्यावे.