बोडीकाठी पोचलेला कॅम्डेनचा हायकूकार

भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयासाठी गेल्या पावसाळ्यात 'निक व्हर्जिलिओ : अ लाइफ इन हायकू' हे इंग्रजी पुस्तक मागवले. राफाएल दि ग्रुटोला यांनी संपादित केलेले हे पुस्तक अमेरिकेतील टर्टल लाइट प्रेसने २०१२ मध्ये प्रकाशित केले असून त्यात व्हर्जिलिओ यांचे आधी गाजलेले ३० हायकू, त्यांच्या कागदपत्रांतून निवडलेले १०० अप्रकाशित हायकू, त्यांचे हायकूविषयक लेखन, एक मुलाखत आणि काही छायाचित्रे आहेत. सरळ इंग्रजी वाचू शकतील असे सभासद आमच्याकडे सहा-सातच, त्यामुळे खरेदीच्या ठरावाला विरोध झाला आणि तो अगदीच गैरवाजवी होता असे मी म्हणणार नाही. "तीन ओळींची कविता आणि तिचे एवढे पैसे?" असे खजिनदारांनी भर बैठकीत विचारले होते.

पुस्तक हाती येण्याची कथा थोडक्यात सांगतो. आमच्या गावाचा पिनकोड कुरिअरवाल्यांना चालत नाही म्हणून पार्सल तालुक्याच्या ठिकाणी एका कापड दुकानात ठेवले गेले आणि तिथून ते आणायला मला दोन खेपा कराव्या लागल्या. वेष्टणात पाणी शिरून पुस्तकाचा एक कोपरा फुगला होता. विक्रेत्याकडे तक्रार केली, तर छायाचित्र पाठवा असे उत्तर आले. छायाचित्र पाठवले, त्यानंतर काहीच आले नाही. पाने मात्र सगळी शाबूत आहेत आणि अक्षरे कुठेही पसरलेली नाहीत.

आता कवीविषयी. निक व्हर्जिलिओ यांचा जन्म १९२८ चा, न्यू जर्सी राज्यातील कॅम्डेनचा. डेलावेअर नदीच्या एका काठाला फिलाडेल्फिया आणि दुसऱ्या काठाला कॅम्डेन. एकेकाळी जहाजबांधणी, ग्रामोफोन आणि डबाबंद सूप यांच्या कारखान्यांवर उभे असलेले हे शहर व्हर्जिलिओ यांच्या डोळ्यांदेखत ओस पडत गेले. तिथला मोठा जहाजबांधणी कारखाना १९६७ मध्ये बंद झाला. नागपूरच्या एम्प्रेस मिल या कापड गिरणीचे पुढे काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यापेक्षा अधिक काही सांगायला नको. व्हर्जिलिओ आधी रेडिओवर निवेदक होते. १९६२ मध्ये रटगर्स विद्यापीठाच्या कॅम्डेन येथील ग्रंथालयात केनेथ यासुदा यांचे हायकूवरचे पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि तिथून पुढे हा माणूस घराच्या तळघरात टाइपरायटरपुढे बसून आयुष्यभर हायकूच लिहीत राहिला. १९६३ मध्ये विस्कॉन्सिनमधील प्लॅटव्हिल येथून 'अमेरिकन हायकू' हे नियतकालिक सुरू झाले आणि त्यातूनच त्यांची ओळख झाली. ३ जानेवारी १९८९ रोजी वॉशिंग्टनमध्ये दूरचित्रवाणीसाठी मुलाखतीचे चित्रीकरण चालू असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय ६०. हार्ले स्मशानभूमीत, जिथे अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन विसावले आहेत, तिथेच त्यांचीही कबर आहे.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध हायकू लिलीच्या फुलाचा आहे. लिली, मग पाण्याबाहेर, मग स्वतःच्याही बाहेर, एवढाच त्याचा आशय. तीन ओळींत अनुक्रमे पाच, सात, पाच अक्षरावयव (सिलॅबल) असावेत हा नियम मोडून इंग्रजी हायकूला मोकळे करणाऱ्या आरंभीच्या रचनांत त्याची गणना होते. माझी समजूत अशी होती की, मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातल्या तलावांच्या आणि बोड्यांच्या, म्हणजे लहान तळ्यांच्या, या मुलुखात असला हायकू सहज रुजेल. शनिवारच्या वाचनाला मी त्याचा मराठी तर्जुमा करून वाचला आणि तिथेच गाडी अडली. लिलीला 'कमळ' म्हणताच लक्ष्मी आली, ब्रह्मदेव आला, कीर्तनात शंभरदा ऐकलेले 'पद्मपत्रमिवाम्भसा' आले, आणि मागच्या बाकावरून एकाने हळूच निवडणुकीचे चिन्हही आणले. व्हर्जिलिओ यांच्या फुलाच्या पाठीवर कसलेच ओझे नाही, ते फक्त उघडते. आमच्या फुलाला उघडण्याआधी तीन हजार वर्षे बाजूला सारावी लागतात. 'कुमुद' म्हणून पाहिले, तर शब्द पुस्तकी वाटला. हा हायकू मराठीत आणायचा तर फुलाचे नाव न घेताच आणावा लागेल, असे मला आता वाटते, पण अजून जमलेले नाही.

दुसऱ्या एका हायकूत बास जातीचा मासा पाण्यातल्या चंद्रावरचे किडे टिपतो. इथे बासच्या जागी मी मरळ घातली. आमच्या बोडीवर जाळे टाकणारे एक ढिवर गृहस्थ त्या दिवशी हजर होते. ते म्हणाले, "हे तं आमच्या बोडीत रोजच होते, याच्यात कविता कायची?" मी त्यांना उत्तर दिले नाही. जे रोज होते तेच कोणीतरी टिपून ठेवले, हीच तर हायकूची प्रतिज्ञा, हे मला नंतर घरी जाताना सुचले.

पुस्तक खऱ्या अर्थाने उघडले ते वेगळ्याच पानांवर. व्हर्जिलिओ यांचा धाकटा भाऊ लॅरी १९६७ मध्ये व्हिएतनाममध्ये मारला गेला आणि त्यानंतर या कवीच्या लेखनात तो भाऊ पुन्हा पुन्हा येत राहिला. एका हायकूत शरदातला वारा आईच्या हातातून तार हिसकावून नेतो, आणि तारेबरोबर आणखीही काही नेतो. परकी भाषा, परके युद्ध, परका ऋतू. हा हायकू आमच्याकडे कोणाला भिडेल असे मला वाटले नव्हते. वाचून संपताच पोस्टातून निवृत्त झालेले आमचे काका बोलू लागले. त्यांनी तालुक्याहून आलेल्या तारा सायकलवरून वाटल्या होत्या. ते म्हणाले, "तार हाये म्हटलं का बाया रडाले लागत. कागद कोनी हाती घ्यालेच तयार नसे. मंग मीच वाचून दाखवो." देशातली तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, पण 'तार आली' या दोन शब्दांचा अर्थ साठीपुढच्या माणसांना समजावून सांगावा लागत नाही. त्या आईच्या हातून तारेखेरीज आणखी काय गेले, यावर त्या दिवशी अर्धा तास चर्चा झाली. काकांचे म्हणणे असे की, वाऱ्याने नेले नसते तरी तो कागद हातातून पडलाच असता.

याच भावावरचा दुसरा हायकू म्हणजे गेलेल्या भावाचे हातमोजे आणि बूट घालून खोल बर्फात टाकलेले पाऊल. बर्फ आम्ही कोणी पाहिलेले नाही. पण माझा थोरला भाऊ गेल्यानंतर त्याचे गमबूट आईने कोणाला देऊ दिले नाहीत आणि पुढच्या रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, वेळी तेच पायात घालून मी बांधीत, म्हणजे भातखाचरात, उतरलो होतो. बूट एक नंबरने मोठे होते. प्रत्येक पाऊल उचलताना टाच आत सरके आणि चिखल बूट धरून ठेवी. व्हर्जिलिओ यांनी बुटाच्या मापाविषयी एक शब्दही लिहिलेला नाही. 'खोल' या एका शब्दात ते माप त्यांनी वाचकावर सोडले आहे.

दोषही सांगायला हवेत. अप्रकाशित १०० हायकूंपैकी बरेच जुन्या ३० हायकूंच्या तोडीचे नाहीत. काही ठिकाणी भावना ओळीच्या बाहेर सांडते, तर काही ठिकाणी चित्र एवढे नेटके मांडलेले आहे की, कवीने ते आधी ठरवून मग शोधल्यासारखे वाटते. व्हर्जिलिओ अधूनमधून यमकही जुळवतात. शिरीष पै यांच्यापासून मराठी हायकूला यमकाची सवय असल्यामुळे आपल्याला ते खटकत नाही, उलट ओळखीचे वाटते. पण इंग्रजीत त्यामुळे तीन ओळींचा शेवट कधी कधी दार लोटल्यासारखा बंद होतो. ज्याला एका बैठकीत पुस्तक संपवायचे आहे, त्याला यातला शोक एकसुरी वाटण्याची शक्यता आहे. आम्ही आठवड्याला चार-पाच हायकूंपलीकडे गेलो नाही, म्हणून तसे झाले नसावे.

मुलाखत आणि गद्य लेखन मात्र वगळू नये. आपण कसे लिहितो हे व्हर्जिलिओ तिथे साध्या, गप्पा मारल्यासारख्या इंग्रजीत सांगतात. बारावीपर्यंत शिकलेल्या आमच्या दोन मुलींनी तो भाग शब्दकोशाशिवाय वाचला.

खजिनदारांनी पुस्तक दोन वेळा घरी नेले आणि दुसऱ्या वेळी मुदत उलटून गेल्यावर परत आणले. दंडाचे दहा रुपये त्यांनी स्वतःच पावती फाडून जमा केले आहेत. ज्यांना हे पुस्तक मागवायचे आहे त्यांनी पावसाळा टाळावा आणि पत्ता तालुक्याचाच द्यावा.