गिटार घ्यायला मोठ्या चेन दुकानात जाताय? आधी हे वाचा (न्यू जर्सी, थोडं मुंबईसुद्धा)

इथल्या मराठी ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच की गिटार कुठून घेऊ, ऑनलाइन मागवू की त्या हायवेवरच्या मोठ्या दुकानात जाऊ, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते. माझं मत आधीच सांगते. गिटार निवडायला या चेन दुकानांसारखी जागा नाही. पण भिंतीवरची गिटार तशीच उचलून घरी आणली आणि लगेच शिकायला बसलात तर बोटं सोलून निघणार, एफ कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या, नवशिक्यांना अवघड) काही लागणार नाही, आणि तुम्हाला वाटणार की आपल्याला जमतच नाहीये. जमत नाहीये ते गिटारला, तुम्हाला नाही.

आधी चांगलं सांगते. तुम्ही आत शिरता, समोर छतापर्यंत गिटारी टांगलेल्या, दोनशे डॉलरच्या यामाहापासून तीन-चार हजारांच्या मार्टिनपर्यंत, आणि खालच्या रांगांमधली कुठलीही काढून स्टुलावर बसून वाजवा, कोणी काही विचारत नाही. अगदी वरच्या महागड्या तेवढ्या मागून घ्याव्या लागतात. आपल्याकडे मी लहान असताना दुकानात गिटार काचेच्या कपाटात असायची आणि "घेणार असाल तर काढतो" हे वाक्य ठरलेलं, त्यामुळे पहिल्यांदा इथे गेले तेव्हा मला बराच वेळ हात लावायचीच भीती वाटत होती, नवऱ्याने ढकलून बसवलं. ही वाजवून बघायची सोय फुकट आहे आणि हिची किंमत लोकांना कळत नाही. एकाच मॉडेलच्या दोन गिटारी शेजारी शेजारी वाजवा, फरक ऐकू येतो, कारण लाकूड शेवटी लाकूड आहे. माझी उंची जेमतेम पाच फूट, हात लहान, मोठ्या ड्रेडनॉट (रुंद, खोल आकाराच्या) बॉडीवरून उजवा हात टाकला की खांदा वर जातो, हे मला कुठल्याच व्हिडिओने सांगितलं नव्हतं, दुकानात बसून दहा मिनिटांत कळलं. मग टेलर कंपनीची छोटी जीएस मिनी हातात घेतली (साडेतेवीस इंची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी कमी, त्यामुळे फ्रेट, मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, जरा जवळ जवळ येतात) आणि विषय संपला.

शनिवारी दुपारी मात्र चुकूनही जाऊ नका. चार मुलं चार अँपवर चार वेगवेगळ्या गोष्टी फुल आवाजात वाजवत असतात, एक बाप ड्रमच्या कोपऱ्यात पोराला आवर घालत असतो, आणि तुम्ही सी कॉर्ड वाजवून कान देऊन ऐकायचा प्रयत्न करताय, जमेल का? बहुतेक मोठ्या दुकानांत अकूस्टिक (अँपशिवाय वाजणाऱ्या) गिटारींना वेगळी काचेची खोली असते, तिथे दार लावून बसा. शक्यतो मंगळवार-बुधवार सकाळ, दुकान उघडल्या उघडल्या. तेव्हा सेल्समनलाही बोलायला वेळ असतो.

सेल्समनचं म्हणाल तर सगळा नशिबाचा खेळ. चेनचं नाव घेत नाही, कारण एका ब्रँचमधे जे झालं त्याच्या अगदी उलट अनुभव त्याच चेनच्या अर्ध्या तासावरच्या ब्रँचमधे आला. पहिल्या ठिकाणी गिटार मला हवी होती, मी विचारत होते, आणि तो तरुण मुलगा उत्तरं देत होता माझ्या चौदा वर्षांच्या लेकाला, ज्याला गिटारमधे काडीचा रस नाही, तो फोनमधे डोकं घालून उभा! मी म्हटलं अरे बाबा मी शिकतेय, तर म्हणाला "ओह नाइस" आणि मला गुलाबी रंगाची गिटार दाखवली. गुलाबी. फेंडर या गिटार कंपनीने 2018 मधे अमेरिका आणि ब्रिटनमधल्या नव्या गिटारवाल्यांचा अभ्यास करून सांगितलं होतं की त्यात निम्म्या बायका आहेत, हे त्यांचा माल विकणाऱ्यांपर्यंत अजून पोचलेलं दिसत नाही. दुसऱ्या ब्रँचमधे पन्नाशीचे एक गृहस्थ होते, स्वतः बँडमधे वाजवणारे, त्यांनी आधी माझा डावा हात बघितला, मग विचारलं बसून वाजवणार की उभं राहून, गाणार का सोबत, आणि माझ्या बजेटपेक्षा स्वस्त गिटार पुढे केली. असा माणूस भेटला की त्याच्या सुट्टीचे वार विचारून ठेवा आणि पुन्हा त्याच्याकडेच जा, चेन वगैरे विसरा.

किमतीवर फार वेळ घालवू नका. लोक पाच दुकानं फिरतात, सगळीकडे तोच आकडा दिसतो, मग म्हणतात ही मिलीभगत आहे. तसं नाहीये, बहुतेक मोठे ब्रँड जाहिरातीत दाखवायची कमीत कमी किंमत ठरवून देतात, त्याच्या खाली कोणी उघडपणे लिहूच शकत नाही, म्हणून नवीन गिटारला वेबसाइटवर आणि दुकानात एकच भाव. पण "उघडपणे" म्हटलंय मी! काउंटरवर शांतपणे विचारलं की डेमो पीसवर (दुकानात वाजवायला ठेवलेल्या गिटारवर) काही कमी होईल का, किंवा बॅग नि स्ट्रिंग्जचा सेट टाका बरोबर, तर बऱ्याचदा होतं. आपल्या लोकांना इथे आल्यावर घासाघीस करायची लाज वाटायला लागते, कशाला? पंधरा टक्क्यांची कुपनं येतात त्यावर मात्र नाचू नका, खाली बारीक अक्षरात वगळलेल्या ब्रँडची यादी असते आणि तुम्हाला हवा तो ब्रँड नेमका त्यात असतो.

खरा फायदा सेकंडहँडमधे आहे. गिटार सेंटर या चेनची जवळपास तीनशे दुकानं आहेत आणि त्या सगळ्यांतला वापरलेला माल एकाच वेबसाइटवर दिसतो, टेक्सासमधली गिटार तुमच्या जवळच्या ब्रँचला मागवता येते. फोटो यथातथा असतात, वर्णन दोन शब्दांचं, पण चांगला भाव तिथेच सापडतो. उलट तुमची जुनी विकायला गेलात तर ते पुढे जितक्याला विकणार त्याच्या साधारण निम्मेच हातात पडतील असं धरून चला, त्यांना भाडं-पगार काढायचाय. घाई नसेल तर स्वतःच विका.

हे धंदे तसे फार मजबूत नाहीयेत, हे पण लक्षात असू द्या, विशेषतः गिफ्ट कार्ड घेताना आणि क्लासचे पैसे आगाऊ भरताना. गिटार सेंटर 1959 मधे हॉलीवूडला ऑर्गन विकणारं दुकान म्हणून सुरू झालं, वाढत वाढत देशातली सगळ्यात मोठी चेन झाली, आणि नोव्हेंबर 2020 मधे कर्जाच्या ओझ्याने दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, त्यातून बाहेर पण पडले. सॅम ॲश ही दुसरी चेन नाही वाचली. 1924 मधे ब्रुकलिनला नवरा-बायकोने सुरू केलेलं दुकान, बायकोने म्हणे साखरपुड्याची अंगठी गहाण ठेवून पैसे उभे केले होते, आणि बरोब्बर शंभराव्या वर्षी, 2024 मधे, सगळ्या ब्रँच बंद. शेवटच्या सेलला मीही जाऊन आले, एक केबल आणि कॅपो (मानेवर लावायचा चिमटा) घेतला, तिथले जुने कामगार गिऱ्हाइकांशी गप्पा मारत उभे होते, वाईट वाटलं खरं.

आता मुद्द्याचं, सेटअप. हे नीट वाचा.

गिटार कारखान्यातून निघते, बोटीतून येते, गोडाउनमधे पडते, मग भिंतीवर टांगली जाते आणि महिनोन्महिने शंभर लोक ती बडवतात. या सगळ्यात तारा गंजतात, मान थोडी वाकते, लाकूड हवा पितं किंवा सुकतं. लाकडाला साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता मानवते. इथे हिवाळ्यात हीटिंग चालू झालं की हवा कोरडी ठक्क, फ्रेटबोर्ड (मानेवरची बोटं ठेवायची पट्टी) आक्रसतो आणि फ्रेटची धातूची टोकं कडेने बाहेर येतात, हात फिरवला की करवतीसारखी लागतात. मुंबईत पावसाळ्यात बरोबर उलटं, वरची फळी फुगते, तारा वर उचलल्या जातात, दाबायला जोर लागतो. म्हणजे गिटार वाईट नसते, तिला कोणीतरी बसून नीट करायचं असतं: मानेतला रॉड फिरवणं, नटच्या (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाचा बघणं, सॅडल (खालच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) घासणं, नवीन तारा. मिरजेला तंबोरा घ्यायला गेलात तर कारागीर तुमच्यासमोर बसून जवारी (तारेची गुंज) काढून देतो, त्याशिवाय तंबोरा हातात ठेवत नाही. इथे तीन हजारांची गिटारसुद्धा जुन्या तारांसकट बॉक्समधे घालून देतात आणि वर विचारतात एक्स्टेंडेड वॉरंटी हवी का?

तर दुकानातच तपासा. ट्यूनर फोनमधे असतोच, आधी ट्यून करा, बेसूर गिटारवरून काहीच कळत नाही. मग बाराव्या फ्रेटजवळ सगळ्यात जाड तारेखाली तीन क्रेडिट कार्डं एकावर एक ठेवून सरकवा, अंदाजे सव्वादोन मिलिमीटर होतात, अगदी चिकटून जात असतील तर अकूस्टिकसाठी छान, चौथं-पाचवं आरामात जात असेल तर तारा फार वर आहेत. मानेच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवा. एकेक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवा, कुठे झणझण येतंय का ते ऐका, दोन मिनिटं लागतात, लोक बघतात, बघू देत. आणि ब्रिज (बॉडीवर तारा अडकवायचा लाकडी तुकडा) मागच्या बाजूने उचललाय का ते कागदाचा तुकडा सरकवून बघा, सेकंडहँडमधे तर नक्कीच, कागद आत गेला तर गिटार परत भिंतीवर.

एवढं करूनही मी म्हणेन की बजेटमधे सेटअपचे साठ ते शंभर डॉलर वेगळे ठेवा आणि गावातल्या छोट्या रिपेअरवाल्याकडे न्या. चेनमधे पण करून देतात, पण एका दुकानात माझी गिटार दिली आणि सांगितलेल्या तारखेनंतर बराच काळ फोनच आला नाही, शेवटी जाऊन बघितलं तर हातही लावलेला नव्हता, करणारा माणूस नोकरी सोडून गेला होता. गावातला लुथियर (गिटार बनवणारा-दुरुस्त करणारा कारागीर) एकटाच असतो, जाईल कुठे.

ऑनलाइनवाल्यांमधे स्वीटवॉटर, इंडियानातलं, महागड्या गिटारींचे त्या-त्या पीसचे फोटो आणि वजन टाकतं, पाठवण्याआधी गिटार तपासतं, पार्सलमधे गोळ्या-चॉकलेटं निघतात (घरात गिटारपेक्षा त्याचंच कौतुक जास्त), आणि मग एक माणूस फोन करून विचारत राहतो काय म्हणताय, कशी आहे. कोणाला आवडतं, मला ते फोन नको वाटतात. पण आपल्याला काय हवंय ते दुकानात बसून एकदा ठरलेलं असेल तर तिथून मागवायला हरकत नाही.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी: मुंबईत धोबी तलावचं फुर्टाडोज 1865 पासूनचं, आता पुणे-गोव्यासह बऱ्याच ठिकाणी आहे, मागच्या खेपेला भाचीला घेऊन गेले तेव्हा तिथल्या काकांनी गिटार स्वतः ट्यून करून हातात दिली आणि "बस, वाजव निवांत" म्हणाले, माझ्या लहानपणीपेक्षा चित्र बरंच बदललंय. इंपोर्टेड मॉडेल तिकडे ड्यूटीमुळे इथल्यापेक्षा पुष्कळ महाग पडतात, त्यामुळे लोक मला इथून आण म्हणतात. भाचीसारख्या नवशिक्यांना मी नाही म्हणते, तिकडे मिळणारी साधी यामाहा पुरते. पण जीएस मिनीसाठीच कोणी हटून बसलं असेल तर बॅगेसकट केबिनमधे न्या. अमेरिकेतल्या विमान कंपन्यांना 2015 पासून नियम आहे की चढताना वरच्या कप्प्यात जागा असेल तर छोटं वाद्य घेऊ द्यायचं, म्हणून बोर्डिंगला लवकर उभं राहा. पुढचं विमान दुसऱ्या देशाच्या कंपनीचं असेल तर तिकिटाच्या वेळीच विचारून घ्या, गेटवर वाद घालण्यात अर्थ नाही.