घाटमाथा की किनारा? गाडी काढण्याआधी

पुण्याहून निघायचं, हाताशी पाच-सहा दिवस, गाडी घरची, बघायचंय ते डोंगर-पाणी-झाडं, आणि शेवटी सावंतवाडीच्या आसपास कुठेतरी पोचलो म्हणजे झालं. असा बेत असला की दोन वाटांवर येऊन गाडी अडते. एक सह्याद्रीचा माथा धरून जाणारी: सातारा, कास, कोयना, चांदोली, राधानगरी, आंबोली. दुसरी समुद्र धरून: ताम्हिणी उतरून माणगाव, मग दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळास, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला. मी दोन्ही केल्यात. घाटमाथा दिवाळीच्या सुट्टीत, किनारा त्यानंतरच्या फेब्रुवारीत, मुलीच्या शाळेला चार दिवस बुट्टी मारून. गाडी तीच, माणसंही तीच: आम्ही दोघं, चौथीतली मुलगी आणि घाटात मळमळणाऱ्या सासूबाई.

मुंबई-गोवा महामार्ग इथं धरलेला नाही. तो गावाला जायचा रस्ता आहे, हिंडायचा नाही.

घाटमाथ्याची कल्पना मला एका यादीवरून सुचली. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यातल्या महाराष्ट्रातल्या चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. नकाशावर चार टिंबं दिली तर ती जवळजवळ एका ओळीत, उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जाणारी. मग रोज एक टिंब, पाचव्या दिवशी आंबोली. इतका सुटसुटीत बेत मी आयुष्यात आखला नव्हता, आणि तिथंच मला शंका यायला हवी होती.

कारण त्या टिंबांना जोडणारा सरळ रस्ता नाही. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पूर्वेकडे डोंगराच्या सोंडा गेल्यात, दोन सोंडांच्या मधून नदी वाहते आणि रस्ता बहुतेक नदीच्या कडेनं वर चढतो. म्हणजे एखादी फणी आडवी ठेवावी तसा प्रकार. फणीचा कणा म्हणजे पुणे-कोल्हापूर महामार्ग, आणि आपल्याला बघायच्या त्या सगळ्या जागा दातांच्या टोकाला. एका दाताच्या टोकावरून शेजारच्या दाताच्या टोकावर उडी मारता येत नाही. परत कण्यावर यायचं, थोडं दक्षिणेला सरकायचं, पुन्हा आत शिरायचं.

आम्ही साताऱ्याहून कासला गेलो, पंचवीसेक किलोमीटर, आणि त्याच रस्त्यानं साताऱ्याला उतरलो. दुसऱ्या दिवशी ठोसेघर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, आणि पुन्हा सातारा. (चाळकेवाडीवरून सडावाघापूरमार्गे पाटणला उतरणारे लोक आहेत. माझ्या छोट्या गाडीला घेऊन मी ते धाडस केलं नाही. तुमची गाडी उंच असेल तर माझं हे रडगाणं थोडं कमी धरा.) कोयनानगरला जाताना उंब्रजहून आत शिरलो आणि येताना कराडला बाहेर पडलो, एवढाच काय तो बदल, पाटणच्या पुढचा रस्ता दोन्ही वेळा तोच. चांदोलीसाठी पेठ नाक्यावरून शिराळ्याकडे पन्नासेक किलोमीटर आत आणि तेवढेच बाहेर. राधानगरीचं जंगल बघायचं ते दाजीपूरला, आणि ते तर कोल्हापूरपासून ऐंशीच्या आसपास. तिथून फोंडा घाटानं खाली कोकणात उतरता येतं, पण आम्हाला आंबोली करायची होती, म्हणून पुन्हा मागे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाटणच्या अलीकडे एका हॉटेलची पिवळी पाटी दुसऱ्यांदा दिसली आणि मुलीनं मागून विचारलं, "बाबा, आपण परत घरी चाललोय का?" त्यानंतर ती रोज विचारायची. गाडी वळवली की प्रश्न ठरलेला. पहिल्यांदा हसू आलं. चौथ्यांदा मात्र जाणवलं की पोरगी बरोबर बोलतेय: रोज दुपारी कुठेतरी पोचायचं आणि रोज संध्याकाळी निघून यायचं, ही सहल नाही, ही नोकरी झाली. मी हिशेब ठेवणारा माणूस नाही, पण नुसत्या अंदाजानंही दीडशेहून जास्त किलोमीटर आम्ही दोनदा पाहिले. डोंगर तोच असतो, फक्त उजवीकडचा डावीकडे येतो.

त्यात मधले महामार्गाचे तुकडे. सहापदरीकरणाचं काम चालू होतं, त्यामुळे दर थोड्या अंतरावर सेवा रस्त्यावर उतरायचं आणि परत चढायचं. गळीत हंगाम तोंडावर आलेला. अंधार पडल्यावर उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, मोठ्यानं गाणी लावलेली. कोयनेच्या पाण्यावरचं सकाळचं धुकं बघून आलेल्या माणसाला संध्याकाळी हे बघावं लागतं.

आता घाटमाथ्याच्या बाजूनं जे खरं आहे तेही सांगतो. दाजीपूरच्या जंगलात पहाटे गव्यांचा कळप रस्ता ओलांडताना पाहिला. गाडी बंद, काच खाली, सासूबाईंनी माझा दंड धरलेला. तसा क्षण किनाऱ्यावर आमच्या वाट्याला आला नाही. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी जे कुंड आहे, तिथं शिस्तुरा हिरण्यकेशी नावाचा बोटाएवढाही नसलेला मासा सापडतो. त्याच्यासाठी २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. पाण्याशी वाकून बसलेल्या मुलीला तिथून उठवायला अर्धा तास लागला. हवा थंड, गाडीचा एसी पाचही दिवस बंद.

ऋतूची मात्र गोची आहे. कासची फुलं ऑगस्टच्या शेवटापासून फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. दाजीपूरचं जंगल पावसाळ्यात बंद. म्हणजे तेरडा आणि सीतेची आसवं पाहायची तर गवे नाहीत, गवे पाहायचे तर कासला वाळकं गवत. आम्ही वाळकं गवत पाहिलं. एका सहलीत सगळी टिंबं भरायची माझी हौस मुळातच चुकीची होती.

किनाऱ्याकडे निघताना मला भीती होती ती खाड्यांची. घाटमाथ्यावर ज्या नद्यांच्या खोऱ्यांनी आम्हाला रोज मागे फिरवलं, तशाच नद्या पश्चिमेला उतरून खाड्या होतात आणि रस्ता तोडतात. कोयना आणि सावित्री दोघी महाबळेश्वरच्याच. एकीनं तिकडे दमवलं, दुसरी बाणकोटला आडवी यायला तयार. पण इथं माणसांनी एक साधा उपाय काढलाय, गाडीसकट बोटीत चढायचं. बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, या तीन फेरीबोटी आम्हाला लागल्या. मुंबईकरांचं तर याहून बरं: भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, मग अलिबाग-मुरुड करून आगरदांडा-दिघी. सहल बोटीतच सुरू होते.

फेरीबोटीचं कौतुक करण्याआधी तिची तक्रारही नोंदवतो. शनिवारी दाभोळला आमच्या पुढच्या गाडीपाशी बोट भरली. पुढची येईपर्यंत तासभर धक्क्यावर, डोक्यावर ऊन, सावलीचा पत्ता नाही. नंतर एक पोरगा हातवारे करून मला उलटी गाडी चढवायला लावतोय, मागे दोन जीप, खाली पाणी, आणि शेजारच्या सीटवरून सूचना. घामानं शर्ट भिजला. लांब सुट्टीच्या शनिवार-रविवारी हा प्रकार टळत नाही, त्यामुळे शक्य असेल तर मधले वार निवडा आणि सकाळी नऊच्या आत धक्क्यावर हजर राहा.

पण गाडी एकदा बोटीत लागली की चालवणाराही खाली उतरतो. हे मला फार मोलाचं वाटलं. घाटमाथ्यावर सगळ्यांनी निसर्ग पाहिला आणि मी पांढरा पट्टा पाहिला. इथं दिवसातून एकदा तरी मला कठड्याला टेकून उभं राहता आलं. वर ब्राह्मणी घारी फिरत होत्या, समोरचा किनारा हळूहळू मोठा होत होता, आणि बोट लागली की आपण पुढे गेलेलो असतो. धोपावे दाभोळहून डोळ्यांनी दिसतं. बोट नसती तर गुहागरला जायला चिपळूणपर्यंत वळसा.

रस्त्याचं म्हणाल तर दिवेआगरहून श्रीवर्धनला शेखाडीवरून जाणारा पट्टा मी आजवर चालवलेला सगळ्यात देखणा. समुद्र इतका जवळ की भरतीला काचेवर तुषार येतात. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी कोरलेला कातळ, पण ओहोटीची वेळ विचारूनच खाली उतरायचं. वेळासला आम्ही मुद्दाम एक रात्र राहिलो. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं घरट्यातून बाहेर येतात, सकाळी आणि संध्याकाळी घरट्यावर झाकलेली टोपली उचलून बघतात. पहिल्या संध्याकाळी टोपलीखाली काहीच नव्हतं. दुसऱ्या सकाळी सात पिल्लं निघाली, आणि सगळा गाव-पाहुणे मिळून पन्नास माणसं एक शब्द न बोलता वाळूत बसली होती. आमच्या घरात सात माणसं दोन मिनिटं गप्प बसत नाहीत.

रत्नागिरीच्या आधीचा आरे-वारेचा उतार सगळ्यांना ठाऊक आहे, त्याबद्दल लिहीत नाही. खाली राजापूरकडे सरकलात तर कशेळीला देवघळीच्या कड्यावर थांबा, आणि एक दुपार सड्यासाठी, म्हणजे वरच्या सपाट कातळी पठारासाठी ठेवा. या जांभ्या कातळावर माणसानं कोरलेली प्राण्यांची, आकृत्यांची कातळशिल्पं आहेत. २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. फेब्रुवारीत सडा तव्यासारखा तापतो, टोपी घ्या. मालवण-तारकर्लीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, गर्दी आणि बोटींचा कलकलाट. पण मुलीचं मत नेमकं उलट आहे.

किनाऱ्यावरही सगळं गोड नाही. ताशी तीसच्या पुढे सरासरी जात नाही. गावातून जाताना दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, समोरून एसटी, आणि मग कुणाच्या तरी अंगणापर्यंत मागे घ्यायचं. पेट्रोल पंप लांब लांब आहेत, त्यामुळे अर्धी टाकी झाली की भरून टाकायची. आणि सपाट किनारा असेल असं समजून सासूबाईंना नेलं होतं, तर प्रत्येक खाडीनंतर रस्ता सड्यावर चढतो आणि पुढच्या गावाला पुन्हा उतरतो. त्यांना घाटमाथ्यावर दोनदा उलटी झाली होती, इथं तीनदा. या एका निकषावर घाटमाथा निर्विवाद जिंकतो.

राहण्या-जेवण्यात किनारा सोपा. घरगुती सोय गावोगाव आहे, फक्त सकाळी फोन करून किती पानं आणि मासे खाणारे किती ते सांगायचं. आयत्या वेळी गेलात तर पिठलं-भात मिळेल, तोही चांगलाच असतो. घाटमाथ्यावर जंगलाजवळ राहायचं तर खोली आधी ठरवलेली हवी, नाहीतर रात्री पुन्हा त्याच महामार्गाच्या कडेला.

पूर्ण पाच दिवस मी मोजले, त्यात परतीची वाट एकदाच आली: तारकर्लीहून देवबागला. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, पुढे रस्ता संपतो. गाडी वळवली आणि मागून तो प्रश्न आलाच.

तेव्हा माझा कल कुठं आहे हे लपलेलं नाही, तरी तुमची गोष्ट वेगळी असू शकते. जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर किनाऱ्याचं नाव काढू नका. समुद्र खवळलेला, बोटींचा भरवसा नाही. तेव्हा कास आणि आंबोली एवढ्या दोनच जागा घ्या. पक्षी पाहणारे असाल, एका ठिकाणी तीन रात्री पाय रोवून बसायची तयारी असेल, तर कोयना किंवा दाजीपूर तुम्हाला किनाऱ्यापेक्षा जास्त देईल, कारण मग फणीचा एकच दात तुमचा. पण रोज नव्या गावी उठायचं असेल, तर निदान नोव्हेंबर ते मार्चमध्ये मला दुसरं काही सुचवता येत नाही. आणि जमत असेल तर सागरी महामार्गाच्या खाड्यांवरचे नियोजित पूल पुरे होण्याआधी जा. पूल झाले की तास वाचेल आणि चालवणाऱ्याचा कठडा जाईल.

येताना आम्ही वेंगुर्ल्याहून सावंतवाडी करून आंबोलीचा घाट चढलो, एक रात्र वर राहिलो आणि आजरा-निपाणीवरून महामार्गाला लागलो. म्हणजे घाटमाथ्याचा एक घास मिळतोच, तोही न वळता. वेळासचा मुक्काम यात बसवायचा असेल तर निघण्याआधी गावात फोन करून घरटी कधी फुटायची आहेत ते विचारा, त्या तारखा दरवर्षी मागेपुढे होतात, आणि बाकीचे मुक्काम त्या उत्तराभोवती लावा.