बोरोहायड्राइडची स्थिर रचना: शोध कशाने घ्यावा, क्रमवारी कशाने लावावी

बोरोहायड्राइड म्हणजे धातू आणि बीएच४ गट (एका बोरॉनभोवती चार हायड्रोजन) यांचे संयुग. एकाच संयुगाच्या अनेक स्फटिकरचना, म्हणजे बहुरूपे, असू शकतात आणि त्यांतले सर्वात स्थिर कोणते हे संगणकाने शोधायचे असते. मॅग्नेशियम बोरोहायड्राइडच्या अल्फा या बहुरूपाच्या युनिट सेलमध्ये (स्फटिकात पुन्हापुन्हा येणारा तुकडा) ३३० अणू आहेत. साध्या पीबीई फंक्शनलने (इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढायचे एक नेहमीचे अंदाजी सूत्र) ऊर्जा काढली, तर कितीतरी साध्या, विरळ काल्पनिक रचना ऊर्जेत या रूपाच्या खाली जाऊन बसतात, म्हणजे जास्त स्थिर दिसतात. २००८-०९ च्या सुमारास गणिताने सुचवलेल्या अशा रचना प्रयोगात सापडत नव्हत्या. २०११ मध्ये व्हान डर वाल्स आकर्षण (अणू-रेणूंमधली क्षीण ओढ) धरणारे फंक्शनल वापरल्यावर क्रम ताळ्यावर आला. म्हणून आमचा कल स्पष्ट आहे: संगणकाचा वेळ नव्या रचनांच्या शोधापेक्षा त्यांच्या ऊर्जेनुसार क्रमवारीवर जास्त खर्च करा.

तरी शोधाची पद्धत निवडावी लागतेच. ज्ञात रचनांमध्ये धातू बदलून पाहणे सर्वात स्वस्त, पण नवा साचा त्यातून कधीच निघत नाही. पेग्ज पद्धत बीएच४ गटाला ताठ चतुष्फलक मानते आणि स्थिरविद्युत ऊर्जेवर मॉन्टे कार्लो, म्हणजे यादृच्छिक बदल करून पाहणारा शोध, चालवते. लिथियम, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम अशा आयनिक संयुगांना ती छान मानवते. ॲल्युमिनियम बोरोहायड्राइडसारख्या रेणवीय पदार्थाला मात्र तिच्या भरवशावर सोडू नका. उत्क्रांती पद्धत (युस्पेक्स: चांगल्या रचनांपासून पिढ्यान्‌पिढ्या नव्या रचना बनवणारी) पूर्वग्रह कमी ठेवते, पण अणू सुटे सोडले की बीएच४ फुटतो आणि निम्म्या पिढ्या हायड्रोजनचे रेणू बनवण्यात जातात. गट अखंड ठेवूनच चालवा. ३३० अणूंची सेल यातल्या कशानेही सहज हाती लागणार नाही, हे धरून चाला.

आता क्रमवारी. प्रतिअणू १० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक क्षुल्लक वाटतो. मॅग्नेशियम बोरोहायड्राइडच्या एका सूत्रात ११ अणू असतात, म्हणजे तो फरक मोलमागे १०.६ किलोज्यूल झाला. बहुरूपांमधले अंतर बहुधा याहून कमीच असते. म्हणून पीबीई, डी३ (व्हान डर वाल्स आकर्षणाची वरून दिलेली दुरुस्ती) जोडलेले पीबीई आणि व्हीडीडब्ल्यू-डीएफ (ते आकर्षण आतच धरणाऱ्या फंक्शनलांच्या) कुळातले एक, असे तीन क्रम शेजारी मांडा. तिन्हींत टिकणारा क्रम खरा धरा. क्रम उलटला तर घनता पाहा, विरळ रचना फक्त पीबीईत सर्वात स्थिर ठरत असेल तर चोर तिथेच आहे. जुनी डी२ दुरुस्ती टाळा: तिचे धातूंचे गुणांक आयनांसाठी जास्त पडू शकतात आणि सेल गरजेपेक्षा आक्रसते. मशीन लर्निंगचे पोटेन्शियल (आधीच्या गणितांवरून ऊर्जेचा झटपट अंदाज देणारे) पीबीईवर शिकलेले असेल, तर पीबीईची चूकही शिकलेले असते, चाळणीपुरते ठीक.

तापमानाचा परिणाम धरण्यासाठी हार्मोनिक फोनॉन (अणूंची स्प्रिंगसारखी छोटी कंपने) की आण्विक गतिकी (अणूंची हालचाल पावलापावलाने चालवणे)? आधी फोनॉन. बल १ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति ॲंगस्ट्रॉमपर्यंत शिथिल करा आणि विस्थापन ०.०१ ॲंगस्ट्रॉम ठेवा. शून्यबिंदू ऊर्जा (शून्य तापमानालाही उरणारी कंपनांची ऊर्जा) वगळू नका, हायड्रोजन हलका आहे. काल्पनिक वारंवारता (वर्ग ऋण, म्हणजे रचना त्या दिशेने अस्थिर) दिसली तर आधी के-ग्रिड (गणितातल्या नमुनाबिंदूंची जाळी) आणि सुपरसेल (अनेक युनिट सेल जोडलेला तुकडा) वाढवा. तरीही टिकली, तर त्या दिशेने अणू ढकलून कमी सममितीत पुन्हा शिथिल करा.

पण लिथियम बोरोहायड्राइडचे षट्कोनी रूप ११० अंश सेल्सिअसच्या आसपास प्रत्यक्षात मिळते, आणि स्थिर गणितात तेच अस्थिर ठरते. तिथे बीएच४ गट गरगर फिरतात, हार्मोनिक चौकटीत ते मावत नाही. सोडियम बोरोहायड्राइडच्या घनीय रूपात प्रत्येक गटाला दोन दिशा मोकळ्या धरल्या, तर आर एलएन २ (आर हा वायू स्थिरांक) एवढी एन्ट्रॉपी मिळते: तापमानाने गुणली की २९८ केल्विनला मोलमागे १.७ किलोज्यूल, क्रम फिरवायला पुरेशी. अशा ठिकाणी गतिकीच चालवा, पाऊल ०.५ फेम्टोसेकंद, एक फेम्टोसेकंद घेतले तर बी-एच ताणकंपनाच्या १४ फेम्टोसेकंदांच्या आवर्तनात ऊर्जा सरकू लागते.

बहुरूपांतला विजेता सापडला, तरी तो विघटनापुढे टिकतो का हे वेगळे तपासावे लागते. कॉन्व्हेक्स हलमध्ये (पदार्थ विघटनाच्या उत्पादनांशी ऊर्जेत ताडून पाहण्याचा आलेख) फक्त धातूचे हायड्राइड, बोरॉन आणि हायड्रोजन ठेवले की पदार्थ खोटाच टिकाऊ दिसतो. बी१२एच१२ असलेले क्षार घातलेच पाहिजेत. हायड्रोजन वायूची एन्ट्रॉपीही धरा: तापमानाने गुणली की २९८ केल्विनला मोलमागे सुमारे ३९ किलोज्यूल.