ऑफिससाठी सायकल: नवी, सेकंडहँड की आजोबांची काळी?

भाचा कोथरूडहून शिवाजीनगरला सायकलनं जायचं म्हणतोय आणि कुठली घेऊ यातच महिनाभर अडकलाय.

पैशाचं आधी बघ. नवी गिअरवाली 12-15 हजार, वर मडगार्ड, कॅरिअर, लाईट, लॉक वेगळं, हे दुकानदार शेवटी सांगतो. सेकंडहँड निम्म्यात मिळते, सोसायट्यांच्या पार्किंगमधे कितीतरी धूळ खात पडल्यात, फक्त मूळ बिल माग, चाक उचलून फिरव, रिम एका बाजूनं ब्रेकला घासतीये का बघ, आणि क्रँक (पेडलचा दांडा) धरून आडवा हलवल्यावर खटखट लागलं तर बेअरिंग गेलं समज. टायर-केबलचे हजारभर धरूनच भाव कर.

आजोबांची 28 इंची फुकट आहे, फ्रेम तिची मरत नाही, चेनकव्हरमुळे पँट काळी होत नाही. पण वजन वीसेक किलो, गिअर नाही, चढाला उतरून ढकलायची, आणि रॉडचे ब्रेक स्टीलच्या रिमवर पावसात लागता लागत नाहीत (मी एकदा थेट भाजीच्या हातगाडीत).

रोज जाशील याची खात्री नसेल तर सेकंडहँडच. खटपट जमत नसेल आणि पैसे असतील तर नवी. काळी रविवारी पेपर आणायला ठेव.