एचसीएल टेकबी: बारावीनंतर थेट आयटीत, पण डिग्रीचं काय?

बारावीनंतर इंजिनिअरिंगला चार वर्षं घालवायची की लगेच कमवायला लागायचं, ही चर्चा निघाली की एचसीएल या आयटी कंपनीच्या टेकबीचं नाव येतंच. बारावी झालेल्यांना प्रशिक्षण देऊन कंपनीतच नोकरी देणारी ही योजना २०१७ पासून चालू आहे. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात कंपनीचं केंद्र असल्यामुळे विदर्भातली मुलं तिकडे आशेने बघतात.

निवड चाचणीत गणित, तर्क आणि इंग्रजी असतं, मग मुलाखत. आयटीच्या जागांसाठी बारावीला गणित किंवा बिझनेस मॅथ्स लागतं. कॉमर्सला गणित सोडून एसपी (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस) घेतलेल्यांची इथेच अडचण होते, म्हणून हे अकरावीला विषय निवडतानाच ठरवायला हवं.

आता पैशांचं बोलू. प्रशिक्षण साधारण वर्षभराचं, त्यातली उत्तरार्धातली इंटर्नशिप महिना १०,००० रुपये विद्यावेतनाची. आयटीसाठी फी १ लाख अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८,०००. सहा महिन्यांचं विद्यावेतन ६०,००० धरलं तरी वर्षअखेर घरचे ५८,००० गेलेले असतात, राहणं-जेवण वेगळं. प्रशिक्षणात ९० टक्क्यांवर गुण मिळाले तर पूर्ण फी माफ आणि ८०च्या वर निम्मी. त्यामुळे पहिल्या महिन्यापासून प्रत्येक चाचणी मनावर घ्या. पुढे पगार वर्षाला १.७० ते २.२० लाख, म्हणजे महिना १४ ते १८ हजार, तोही पीएफ कापण्याआधीचा. नागपुरात घरी राहून हे जमतं. नोएडात नेमणूक होऊन खोली भाड्याने घेतली की हातात फार काही उरत नाही. आकडे दरवर्षी बदलू शकतात, तेव्हा यंदाचं पत्रक समोर ठेवूनच बेरीज करा.

काम बहुतेकदा सपोर्टचं, म्हणजे ग्राहकांच्या तांत्रिक अडचणी सोडवण्याचं. रात्री अडीचला परदेशातल्या कुणाचं तरी खातं लॉक झाल्याचं तिकीट (तक्रारीची नोंद) येतं, आणि ठरलेल्या वेळेत ते बंद करायचं असतं. शिस्त लागते, इंग्रजी सुधारतं. कोडिंग मात्र स्वतःहून शिकावं लागतं.

खरी मेख डिग्रीची आहे. नोकरीसोबत बिट्स पिलानी, सास्त्रा, ॲमिटी अशा संस्थांमधून शिकायची सोय आहे, पण शिफ्ट करून परीक्षा देताना मुलं मागे पडतात. आणि डिग्री राहिली की कंपनी बदलताना ‘पदवीधर’ या अटीवरच अर्ज अडतो. एमपीएससी राज्यसेवा आणि बँक पीओचे मार्गही बंद. डिग्रीच्या फीचा किती वाटा कंपनी उचलणार आणि मधेच सोडलं तर काय भरावं लागेल, हे दोन्ही सही करण्याआधी लेखी घ्या.

पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय अशा नावाजलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजची जागा मिळत असेल तर टेकबीसाठी ती सोडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. खासगी कॉलेजची फी झेपत नसेल, गणित पक्कं असेल आणि वर्षभरात घरी पगार यायलाच हवा असेल, तर टेकबी चांगला पर्याय आहे. तरीही ऑफर हातात येईपर्यंत कॅपमधली (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतली) जागा रद्द करू नका. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमानुसार मुदतीआधी प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापले जातात.